नकोची नोंद

आईचं खुब्याचं हाड मोडून चौथा दिवस उजाडला तरी ऑपरेशन होत नव्हतं, आणि कारण विचारलं की डॉक्टर पलंगाजवळच्या, पेशंटला विचारून उत्तरं नोंदवणाऱ्या यंत्राकडे बोट दाखवायचे.

“पेशंटचीच इच्छा नाही,” ते मुलीला म्हणाले. “एकेचाळीस वेळा ‘नको’ म्हणाल्यात. चहा नको, दुखण्याची गोळी नको, ऑपरेशन नको. म्हाताऱ्या माणसांवर जबरदस्ती करायची नाही, असा नियमच आहे. आणि मी विचारून काय उपयोग? नोंद यंत्राचीच धरतात.”

मुलीनं कपाळावर हात मारला. आईनं जन्मात पहिल्या फटक्यात कशाला ‘हो’ म्हटलं नव्हतं. लोकांच्या घरी साधं पाणीसुद्धा ती तिसऱ्या आग्रहाला घ्यायची. माणसाला हे कळतं, तो ‘घ्या हो, घ्या’ म्हणतो. यंत्र पडलं भलतंच सभ्य. एकदा विचारायचं, ‘आपल्या इच्छेचा मान राखला जाईल’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. बिचारी बाई चार दिवस कळा सोसत, अर्धपोटी, पुढच्या आग्रहाची वाट बघत पडली होती.

“आई, अगं हो म्हण! उशीर झाला तर छातीत कफ भरेल म्हणतात. जिवावर बेतेल.”

“असं तोंड उघडून मागायचं? बरं दिसतं का ते?”

मुलीनं दिवसभर तिच्याकडून ‘हो, हवंय’ घोकून घेतलं. डॉक्टरांनीही मोठ्या मनानं यंत्राला पुन्हा एकदा विचारायला लावलं.

“उद्या सकाळी एका ऑपरेशनची वेळ रिकामी आहे,” यंत्र म्हणालं. “आपल्याला हवी आहे का?”

आईनं डोळे मिटले. “हो. हवीय.”

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

“पण,” आईनं शेजारच्या पलंगाकडे मान वळवली, “ह्या बाईंचं झालं का? माझ्या आधीपासून आहेत त्या.”

“अहो, छे!” शेजारीण म्हणाली. “तुम्ही घ्या आधी.”

“नाही हो, तुम्हीच.”

“माझं काय, होईल सावकाश.”

यंत्रानं दोघींच्या इच्छेचा मान राखला. ती वेळ कोपऱ्यातल्या गृहस्थांना मिळाली. ते प्रश्न पुरा व्हायच्या आतच ‘हो’ म्हणाले होते.

मुलगी डॉक्टरांच्या हातापाया पडली, मग भांडली. शेवटी भेटीची वेळ संपली म्हणून तिला बाहेर काढलं.

“कशाला ओरडतेस?” आई मागून म्हणाली. “त्या गृहस्थांनाही दुखतच असेल ना.”

कफ भरलाच. तिसऱ्या दिवशी दुपारी आई गेली. कुठेही जबरदस्ती झाली नाही याचा पुरावा म्हणून डॉक्टरांनी मुलीच्या हातात सगळ्या नोंदींचा कागद ठेवला. शेवटची नोंद चारची होती. यंत्रानं विचारलं होतं, “श्वास कमी होत आहे. मुलीला बोलावू का?”

“नको. दमली असेल ती.”

मुलगी तेव्हा दाराबाहेरच्या बाकावर, पर्स मांडीवर घेऊन, आत कधी बोलावतात याची वाट बघत बसली होती.