लहरबाधा निवारण उपसमिती

आमच्या इमारतीत तीस किलोंच्या वरची कुठलीही वस्तू जिन्याने वर न्यायची असेल, तर रखवालदाराच्या वहीत तिची नोंद करावी लागते. नियम चांगला आहे. वहीत चार रकाने आहेत: फर्निचर, घरगुती उपकरणे, आजारी माणूस आणि इतर. त्या शनिवारी दोन हमाल धापा टाकत माझा ट्रान्सफॉर्मर तिसऱ्या मजल्यावर घेऊन आले, तेव्हा रखवालदाराने बराच विचार केला आणि ‘इतर’मध्ये खूण केली. पुढचं सगळं त्या खुणेमुळे घडलं. ट्रान्सफॉर्मरला चादरीत गुंडाळून, खुर्चीवर बसवून आणलं असतं, तर तो आजारी माणसात गेला असता आणि लोकांनी उलट वाट करून दिली असती.

मी हौशी रेडिओवाली आहे. सरकारी परीक्षा दिलेली आहे, परवाना भिंतीवर लावलेला आहे. समोर बसवून मला कोणी शिकवलं नाही; जुन्या रेडिओंच्या पोटात हात घालत आणि चटके खात शिकले. नाही म्हणायला एक मास्तर आहेत. ते दोन समुद्र ओलांडून पलीकडे राहतात आणि आमची भेट एकदाही झालेली नाही. पण बावीस वर्षं दर रविवारी सकाळी नऊ वाजता ते हवेतून मला हाक मारतात आणि मी ओ देते. दहा वाजता मी आधी निरोप घेते, मग ते यंत्र बंद करतात. शिष्याने आधी उठायचं, असा त्यांचा नियम.

मास्तर आता सत्याऐंशीचे झाले. कान गेलेत, आणि त्यांच्या गावात नव्या दिव्यांची नि चार्जरांची खरखर इतकी वाढली आहे की माझे शंभर वॅट तिच्यात बुडून जातात.

“पोरी, विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी येतेस,” ते त्या शनिवारच्या आधीच्या रविवारी म्हणाले. “आता पाच रविवार राहिले. मग मला वृद्धाश्रमात नेणार आहेत. तिथे गच्चीवर तार बांधू देत नाहीत.”

म्हणून मी ॲम्प्लिफायर बांधायला घेतला; तो ट्रान्सफॉर्मर त्यासाठीच. बरणीएवढा काचेचा व्हॉल्व्ह, त्याच्या डोक्यावर तीन हजार व्होल्ट, आणि माझा आवाज दहापट. परवान्यात एवढं बसतं.

“त्यापेक्षा फोन कर की त्यांना,” आमचे हे म्हणाले.

“फोनवर ते नुसतं ‘बरं, बरं’ म्हणतात. तुम्ही घरात म्हणता तसं.”

यावर ते ‘बरं, बरं’ म्हणाले.

सोमवारी सकाळी रहिवासी मंडळाचे चिटणीस आले. ते कधी दारात येत नाहीत. एक पायरी खाली उभे राहून बोलतात, म्हणजे ती भेट ठरत नाही.

“ताई, खालच्या आजोबांचं शनिवारपासून डोकं धरलंय. तुमच्या त्या यंत्राच्या लहरी.”

“अहो, यंत्र अजून चालूच नाही. त्याचा व्हॉल्व्ह टपालात आहे. सध्या ते रिकामं खोकं आहे.”

“चालू नाही असं लेखी देता?”

मी लेखी दिलं. दुपारी ते सूचनाफलकावर लागलं होतं. वर लाल शाईत शीर्षक होतं: ‘यंत्र घरात असल्याची मालकिणीची कबुली.’

त्यानंतर तक्रारवही भरभरून वाहू लागली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली. दूध नासलं. भूगोलाच्या शिक्षकांना नद्यांची नावं आठवेनात. चौथ्या मजल्यावरची सून सासूला उलट बोलली, हेही लहरींच्या खाती मांडलं गेलं. खाली सुनेने सही करून दुजोरा दिला होता.

मंडळाने लहरबाधा निवारण उपसमिती नेमली. अध्यक्ष दाताचे डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात क्ष-किरणांचं यंत्र असल्यामुळे लहरी हा विषय त्यांच्याकडे आपोआप आला. त्यांनी पहिल्याच बैठकीत इलाज सुचवला. त्यांचे मेहुणे ‘लहररक्षक’ नावाची एक डबी तयार करतात. ती दाराजवळच्या प्लगमध्ये खोचायची, निळा दिवा लुकलुकला की घर सुरक्षित. चोवीस दारं, चोवीस डब्या. ठराव एकमताने झाला. माझं मत विचारलं नाही, कारण मी बाधा या बाजूला होते. पण डबी मात्र माझ्याही दाराला बसवली. घर तर इमारतीचंच ना.

पुढच्या रविवारी, म्हणजे पाचातल्या दुसऱ्या, नऊ वाजता मी रेडिओ लावला आणि कानात जणू कोणी पत्रा खरवडायला बसलं. मास्तरांचा आवाज त्यात कुठे होता, देव जाणे. तो तास मी एकटीच ‘ओ, ओ’ करत बसले.

मग मी माझी डबी उघडली. आत एक निळा दिवा होता, तो पेटवणारं अगदी सुमार सर्किट होतं आणि हाताला वजन लागावं म्हणून सिमेंटचा खडा होता. ते सर्किटच खरखर करत होतं. चोवीस डब्या मिळून आख्ख्या इमारतीच्या वायरिंगमधून गात होत्या. मी उघडी डबी घेऊन डॉक्टरांकडे गेले.

“आवाज करणारच ना, ताई,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले. “लहरी शोषतोय तो.”

“माझं यंत्र बंद आहे, डॉक्टर. कसल्या लहरी?”

“बंद असताना एवढ्या शोषतोय, तर चालू झाल्यावर केवढ्या शोषेल! आणि तुम्ही तो उघडलात? आता तुमच्याकडच्या सगळ्या लहरी जिन्यात.”

डब्यांमुळे टीव्हीवर मुंग्या आल्या, दारावरच्या घंटा आपोआप वाजायला लागल्या. तक्रारी दुप्पट झाल्या. तेव्हा प्रत्येक दाराला दुसरी डबी बसली. तिसरा रविवारही पत्रा खरवडण्यात गेला.

मंडळाच्या अर्जावरून सरकारी निरीक्षक आले. सभ्य माणूस. चहा घेतला, फॉर्म काढला.

“मॅडम, यंत्र चालू करा. चालू स्थितीतच तपासायचं असं फॉर्म म्हणतो.”

“मंडळाची नोटीस म्हणते, तपासणी होईपर्यंत चालू करायचं नाही. शिवाय त्यात व्हॉल्व्ह नाही.”

त्यांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. मग त्यांचा चेहरा उजळला. “यंत्र चालू आहे असं गृहीत धरतो.”

त्यांनी मीटर काढला. काटा सरसर टोकाला जाऊन बसला.

“मॅडम, बाधा प्रचंड आहे.”

“ती त्या निळ्या दिव्यांची आहे, साहेब. प्लग काढून बघा.”

“ते संरक्षक उपकरण झालं. संरक्षक उपकरणाची बाधा मोजायचा फॉर्मच नाही आपल्याकडे.”

मग त्यांना खोक्याच्या आत पाहायचं होतं. लाकडी दांडीला तांब्याचा आकडा बांधून त्याची तार मी जमिनीला जोडलेली असते. तो आकडा आधी वीज साठवून ठेवणाऱ्या कपॅसिटरला टेकवला, डावा हात गाऊनच्या खिशात घातला आणि मगच झाकण उचललं. हा खिसा मी स्वतः शिवून घेतला आहे.

“हात खिशात का, मॅडम?”

“दोन्ही हात आत घातले तर वीज या हातातून त्या हातात जाते. वाटेत काळीज लागतं. मास्तरांनी लावलेली सवय आहे.”

“पण यंत्र बंद आहे.”

“बंद केल्यावरही आत बरंच उरतं, साहेब.”

त्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. अहवाल आठवड्याने आला, तोवर चौथा रविवारही वाया गेला होता. त्यात दोन निष्कर्ष होते. एक: तपासणीच्या वेळी परवानाधारक हात खिशात घालून उभ्या होत्या, वर्तन अनादराचे. दोन: बंद अवस्थेत यंत्राची बाधा अत्यंत तीव्र आहे, सबब ते चालू करून बाधा कमी होते का, हे रविवारी सकाळी नऊ ते दहा या वेळेत पाहावे.

मी तो कागद कपाळाला लावला. पाचवा रविवार, नऊ ते दहा! त्याच दिवशी व्हॉल्व्हही आला.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा मी त्याला हवेत सोडलाच नाही. तेलाच्या डब्यात एक जाडजूड रेझिस्टर बुडवलेला असतो; सगळी शक्ती त्यात जिरते, तेल कोमट होतं, बाहेर काही जात नाही. बटण दाबलं. काटा कोपऱ्यात जाऊन आपटला, आत निळा लखलखाट झाला, फटाक्! फ्यूज गेला. आमचे हे पेपर घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि तिथूनच विचारलं, “आहेस ना?”

दोन दिवस शोधत होते. मी काही न बोलताच तो व्हॉल्व्ह स्वतःशीच, भलत्याच पट्टीत, जिवाच्या आकांताने गात होता. त्याचा आवाज तारेतून फिरून त्याच्याच कानात जात होता आणि त्याला वाटत होतं, कोणीतरी दाद देतंय. असा व्हॉल्व्ह शेवटी स्वतःला जाळून घेतो. उपाय साधा असतो: पेन्सिलीवर गुंडाळलेले तारेचे चार वेढे आणि त्यांच्या पोटात एक बारकासा रेझिस्टर, नेमका त्याच्या डोक्याशी. मी तो बसवला आणि व्हॉल्व्ह शहाण्यासारखा गप्प झाला, मी बोलले तरच बोलू लागला. उपसमितीच्या डोक्याशी तसं काही बसवता येईल का, याचा विचार जिन्यातून जाता-येता पुष्कळ केला.

शनिवारी संध्याकाळी फलकावर नवी सूचना लागली. ‘उद्याच्या चाचणीत रहिवाशांच्या उपकरणांना इजा होऊ नये म्हणून सकाळी नऊ ते दहा इमारतीचा मुख्य वीजपुरवठा बंद राहील.’

मी चिटणिसांना जिन्यात गाठलं. “अहो, मग माझं यंत्र कशावर चालणार?”

“ते तुमचं तांत्रिक काम, ताई,” ते म्हणाले. “त्यात आम्ही ढवळाढवळ करत नाही.”

रविवारी नऊला डॉक्टर, चिटणीस आणि भूगोलाचे शिक्षक माझ्या दारात खुर्च्या टाकून बसले. खाली कोणीतरी मेन स्विच ओढला. अठ्ठेचाळीस निळे दिवे विझले. ॲम्प्लिफायर काळाठिक्कर. माझा जुना शंभर वॅटचा सेट तेवढा गाडीच्या बॅटरीवर चालतो, तो मी लावला.

आणि कानात शांतता आली. नुकतीच पुसलेली फरशी असते ना, तशी. तिच्यावर मास्तरांचं पाऊल उमटलं. शेजारच्या खोलीतून यावा तसा आवाज, अगदी खोकल्यासकट.

“पोरी, आहेस का?”

“आहे, मास्तर! आहे!”

“येत नाहीस. नुसती खरखर.” ते थांबले. “असू दे. तू आहेस असं धरून चालतो.”

मग ते तासभर बोलले. मध्येमध्ये मी ओ देत होते, ती त्यांच्यापर्यंत जात नव्हती. तार उद्या उतरवणार आहेत म्हणाले, ती गुंडाळून बरोबर नेणार, उशाखाली ठेवणार. तिथल्या बाईंनी गच्चीला नाही म्हटलंय, उशीला नाही. मी पहिल्यांदा हाक मारली होती तेव्हा घाबरून स्वतःचंच नाव चुकीचं सांगितलं होतं, ते त्यांना अजून आठवत होतं. “मोठं यंत्र बांधतेयस ना? बंद केलंस तरी लगेच हात घालू नको त्यात. एक हात खिशात ठेव.”

माझा हात खिशातच होता. मुठीत गाऊनचं कापड चोळामोळा झालं होतं.

“दहा वाजत आले,” मास्तर म्हणाले. “चल, आधी तू.”

मी निरोप घेतला. तीनदा घेतला.

“आधी तू,” ते पुन्हा म्हणाले, आणि वाट पाहत राहिले.

तेवढ्यात दहा वाजले. खाली स्विच वर गेला, अठ्ठेचाळीस दिवे लुकलुकले, आणि मास्तर पत्र्याच्या खरवडीत दिसेनासे झाले. पण आता वीज होती! मी ॲम्प्लिफायरचं बटण दाबलं. मोठा व्हॉल्व्ह तापायला तीन मिनिटं लागतात. त्या तीन मिनिटांत डॉक्टर म्हणाले, “ताई, वेळ संपली.” चिटणीस म्हणाले, “ताई, हे नियमबाह्य आहे.” आणि आमचे हे, जे जन्मात कुणाला आडवे गेले नाहीत, ते उठून दारात उभे राहिले नि म्हणाले, “बरं, बरं.” आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मी हजार वॅटने निरोप घेतला. मास्तरांनी ऐकला की नाही, मला कळायला मार्ग नव्हता.

बैठकीच्या इतिवृत्तात असं नोंदवलं आहे: ‘नऊ ते दहा या वेळेत संपूर्ण इमारतीत अभूतपूर्व शांतता अनुभवास आली. आजोबांचे डोके दुखायचे थांबले. सासू-सून एकत्र हसल्या. हे लहररक्षक डब्यांचे यश होय. दहानंतर यंत्र बेकायदा चालवल्याने त्रास पुन्हा उद्भवला. सबब यंत्रास मोहोर लावावी व प्रत्येक दारास तिसरी डबी बसवावी.’ मोहोर लागली. मला आता यंत्राची गरजही नव्हती.

तुमच्याही दाराशी, उशाशी, हातात काहीतरी निळं लुकलुकत असेल. तासभर बंद करून बघा. कदाचित बराच वेळ तुम्हाला कोणीतरी हाक मारत असेल. पण तुम्ही बंद करणार नाही, हे मला ठाऊक आहे, आणि त्याचा राग नाही. मागच्या आठवड्यात मी माझ्या तिन्ही डब्या काढून ठेवल्या होत्या. दुपारपर्यंत कसंबसं निभावलं. मग डोकं दुखायला लागलं, म्हणून परत खोचल्या.