खुन्याची मेथी

तालमी सुरू झाल्या की निवृत्तीभाऊ माझ्या पंगतीतून उठतात. एरवी नगरजवळच्या नागापूरच्या कारखान्यात शेजारशेजारच्या लेथवर आम्ही दोघं, डबाही एकत्र खाणारे. पण दरवर्षी कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी आमची ती जुनी शोकांतिका उभी राहिली की मी सिंहासनासाठी खून करणारा राजा आणि ते त्याच मोहाला लाथ मारून शेवटी राजाला सोडून जाणारे सेनापती! मग डबा उचलून ते थेट पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसतात.

"अहो निवृत्तीभाऊ, मेथी आणलीय!"

"खुन्याची मेथी आमाला नको, राजे!"

आणि तेवढे दोन महिने खोटं म्हणून बोलायचं नाही. सेनापती बोलत नाही ना! साहेबांनी विचारलं, "काम का राहिलं?" तर ताठ मानेनं उत्तर, "गप्पा मारीत हुतो, साहेब." एका सहकाऱ्यानं पोरीच्या लग्नात हौसेनं विचारलं, जेवण कसं झालं? "भात कच्चा हाय. पन जावई लई गुनाचा!" बापाला हसावं की रडावं कळेना.

दिग्दर्शक वैतागतो. "नाटक राजाचं आहे हो. तुम्ही नुसतं शेजारी उभं राहायचं, म्हणजे त्याचा काळेपणा उठून दिसतो."

निवृत्तीभाऊंची छाती फुगते. "तेच तर! मी न्हाई तर राजा वाईट हाय हे कळनार कुनाला?"

यंदाचा प्रयोग नगरला, भर दुपारी. नाट्यगृह गच्च! तिसऱ्या अंकात राजा खुनाची कबुली देतो आणि गप्प राहण्यासाठी सेनापतीला अर्धं राज्य देऊ करतो. मी तलवार टेकवली, तोंड उघडलं, आणि डोकं कोरं! एक शब्द आठवेना. विंगेतला प्रॉम्प्टर वेड्यासारखा पानं उलटतोय, समोर कुणीतरी खोकलं.

तेवढ्यात निवृत्तीभाऊ दोन पावलं पुढं आले. "बोलू नका, राजे! तुमच्या मनातलं मला ऐकू येतं आहे!" आणि माझं पानभर भाषण त्यांनी म्हणून दाखवलं. माझ्याच चालीत, माझ्या त्या राक्षसी हसण्यासकट! मग मागं सरले आणि कडाडले, "ठेवा तुमचं अर्धं राज्य!"

टाळ्या थांबेनात. लोक उभे राहिले!

पडदा पडताच मी धावत रंगपटात गेलो, त्यांना मिठीच मारली. "माझं भाषण तुम्हाला पाठ कसं?"

ते मिशीचा डिंक खरवडत होते. "थोरला भाऊ राजा व्हायचा. गावाकडं, राजूरला, हेच नाटक करायचो आमी. भाताच्या खाचरात उभं राहून दोघंच तालीम करायचो. फुडं बांधावरनं वाजलं. तवापासनं बोलत न्हाई त्यो माझ्याशी."

"आणि इतक्या वर्षांनी सगळं लक्षात?"

"खोलीवर एकटाच असतो ना. सांजच्याला भाकरी थापताना आधी त्याची वाक्यं म्हनतो, मग माझी. तेवढंच दोघांचं बोलनं हुतं."

त्यांनी मिशी काढून डबीत ठेवली.

"फकस्त त्याला सोडून जायचं पान हाय ना शेवटचं," ते हळूच म्हणाले, "त्ये मी खोलीवर म्हनत न्हाई."