नेव्हिलांचं कूळ-मूळ

काकासाहेबांनी एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी ते बदलत नसत. कूळ-मूळ कळल्याशिवाय सोनियाच्या लग्नाची सुपारी फुटणार नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. मुलगा इंग्लंडचा, याचं त्यांना फारसं काही नव्हतं. सोनिया नोकरीला होती त्या बिडकीनजवळच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला हा मार्टिन नेव्हिल पिठलं-भाकरी खात होता, वाकून नमस्कार करत होता. पण त्याचं मूळ गाव कोणतं, घराणं कसलं, हे कुणाला सांगता येईना.

"नेव्हिल म्हंजे कोण? लेक कुठल्या घरात दिली म्हणून सांगू भावकीला?"

सोनियाही त्यांचीच लेक. तिने मार्टिनला त्याच्या आईला फोन लावायला बसवलं आणि भाऊ सुदर्शनला भाषांतराला धरलं. आईला सगळं तोंडपाठ होतं. नेव्हिल मूळचे फ्रान्समधल्या नॉर्मंडीचे, तिथल्या गावावरून आडनाव पडलेलं. नॉर्मन सरदारांनी इंग्लंड जिंकलं त्या काळात समुद्र ओलांडून आले, जमिनी मिळवल्या, गढ्या बांधल्या.

गढी म्हटल्यावर काकासाहेब खुलले. गुलमंडीत आहेराचं कापड घेताना त्यांनी दुकानदारालाही ती गढी ऐकवली आणि भावकीला सुपारीचं आवतण धाडलं. इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्यांना हा इतिहास पाहुण्याच्याच तोंडून सर्वांना ऐकवायचा होता.

औरंगपुऱ्यातल्या घरात सतरंजीवर भावकी जमली. मार्टिनला खरं बोलायची खोड. त्याने पुढचंही सांगितलं. घराण्यात वारस म्हणून मुलगीच उरली. तिचं लग्न झालं, आणि तिच्या मुलाने बापाचं सोडून आईचं आडनाव लावलं. पुढचे नामांकित नेव्हिल ते त्याच मुलाचे. सुदर्शनने हे अगदी हळू सांगितलं, पण भावकीचे कान तिखट.

"म्हंजे घरजावयाचा वंश," चुलतभाऊ रामकिसन म्हणाले.

काकासाहेबांनी सुपारीचं ताट बाजूला सारलं. "घरजावयाच्या वंशात माझी लेक जायची नाय."

सोनियाचे डोळे भरले, पण ती मार्टिनशेजारून हलली नाही. मग काकासाहेबांची थोरली बहीण द्वारकाबाई भिंतीपाशी बसल्या बसल्या बोलली.

"काकासाहेब, आपला पणजा बिडकीनला कशापायी आला व्हता?"

"शेती कराया, अक्का."

"कुणाची?"

काकासाहेब छताकडे बघू लागले.

"सासऱ्याची," अक्काच म्हणाली. "अन् आडनाव बी सासऱ्याचंच लावलं. हे बसलेत ते समदे त्याचेच."

भावकी एकदम पानाच्या डब्यात डोकावू लागली. रामकिसनना ठसका लागला.

तेवढ्यात मार्टिनच्या आईचा फोन आला. तिचं म्हणणं सुदर्शनने सर्वांना सांगितलं: आमचं सगळं सांगून झालं, आता तुमच्या आडनावाचाही इतिहास ऐकायची मला फार हौस आहे.

काकासाहेबांनी ताट पुन्हा पुढं ओढलं.

"त्यांना म्हणावं, मुहूर्त टळायलाय," ते सुपारी हातात घेत म्हणाले. "इतिहासाचं काय ते लगीन लागल्यावर बघू."