शेजारच्या घरचा उसना

मंगळवारी संध्याकाळी शेजारच्या अवनीने वजाबाकीसाठी कुमुदकाकूंच्या घरातून एक उसना घेतला, आणि तो एक म्हणजे काकूंचे यजमान दत्ताजीराव निघाले.

तसं यात वावगं काही नव्हतं. मुलांना गणिताची गोडी घरीच लागावी म्हणून सोसायटीनेच ठराव केला होता, की आकडेमोड घरातल्या माणसांवर करायची. गणित होतं तेवीस वजा आठ. काकूंच्या घरी माणसं दोन, अवनीच्या घरी तीन. तिनातून आठ जात नाहीत, हे शेंबडं पोरही सांगेल. मग शेजारच्या घरातून एक उसना आणायचा. आपल्या घरात आला की त्याचे दहा होतात. दत्ताजीरावांचेही झाले. घरच्यांना कोणी वजा करत नाही, म्हणून अवनीने त्या दहातले आठ वजा केले. वजा झालेले कुठे जातात, हे पुस्तकात दिलेलं नाही.

उरलेले दोन दत्ताजीराव सोफ्यावर बसले होते. दोघांच्याही पायांत काकूंनी विणलेले मोजे होते.

“अगं पल्लवी,” काकू अवनीच्या आईला म्हणाल्या, “माणूस उसनी साखरसुद्धा परत करतं. हा तर माझा नवरा आहे गं! दोन आहेत, त्यातला एक तरी दे.”

पल्लवी ओशाळली. “दिला असता हो काकू. पण उत्तर चुकेल ना! आत्ता कुठे पोरगी गणिताला बसायला लागलीय.”

सोसायटीचे सेक्रेटरी घैसास यांना बोलावलं. “वजाबाकीत उसना परत करण्याची तरतूद नाही,” ते म्हणाले. “फक्त घेण्याची आहे. शाळेत तुम्ही तरी कधी परत केला होता का?”

काकूंनी आठवून पाहिलं. खरंच, कधीच केला नव्हता.

घरी येऊन त्यांनी एकटीपुरता भात लावला आणि कुकरसमोर बसून ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसले. नवरा इकडे येणार नसेल, तर आपणच तिकडे जावं.

दुसऱ्या दिवशी त्या खोबऱ्याच्या वड्या घेऊन अवनीकडे गेल्या. “राणी, पंधरातून सात घालवून दाखव बघू.”

“आमच्याकडे आता पाचच,” अवनी म्हणाली. “पाचातून सात जात नाहीत. उसना लागेल.”

“घे की! मी घरीच आहे.”

घरी जाऊन काकूंनी गॅस बंद केला, ठेवणीतलं पातळ नेसलं. हिशेब त्यांनी केला होता. दोन दत्ताजीराव, दहा आपण. सात गेले तरी पाच उरतील. त्यात एक ते आणि एक मी असलो की झालं. बाकीच्यांचं बाकीचे बघतील.

अवनीने उसना घेतला. हॉलमध्ये दहा काकू उभ्या राहिल्या. त्यांना बघताच दोन्ही दत्ताजीराव सोफ्यावर सरकले आणि त्यांनी मध्ये जागा केली.

“आई, आधी कोणाला घालवू?”

“शिळं आधी संपवायचं, बाळा,” पल्लवी स्वयंपाकघरातून म्हणाली.

अवनीने आधी दोन्ही दत्ताजीराव घालवले, मग पाच काकू.

“उत्तर आठ!”

उत्तर बरोबर होतं. पल्लवीने लेकीचा पापा घेतला आणि चहाचं आधण वाढवलं. उरलेल्या काकू सोफ्यावर दाटीवाटीने बसल्या. कोणी कोणाला धीर द्यायचा? पाचही जणींचा नवरा गेला होता.