नानांची लस जर्मनीत चालेना

"कागद पक्कं असलं ना, की माणूस चंद्रावर बी जाऊन येतो!" हे गोरक्षनानांचं ठरलेलं वाक्य. नाना साखर कारखान्यात एकतीस वर्षं टाइमकीपर होते. हजेरी, रजा, पाळ्या, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. निवृत्त झाले तरी बेलापूरजवळच्या त्यांच्या वस्तीवर कुणाला रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचं असलं, की तो आधी नानांच्या ओट्यावर यायचा. नाना चष्मा चढवायचे, अर्ज उलटासुलटा करायचे आणि म्हणायचे, "हे कुणी भरलं? त्याला आधी शाळेत घाला!"

त्यामुळे २०२१च्या सप्टेंबरात लेकीचा, ज्ञानेश्वरीचा, जर्मनीहून फोन आला आणि ती म्हणाली, "आई, डॉक्टरांनी डिसेंबरअखेरची तारीख दिलीय. तुम्ही दोघंही याल ना?" तेव्हा मालनबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि नानांनी चष्मा!

"येणार म्हंजे? आलोच समज! पासपोर्ट हायेत. व्हिसा मी बघतो. आन् लस तर आमी कवाच घेतलीय."

लशीच्या बाबतीत नानांचा ताठा काही वेगळाच होता. उन्हाळ्यात सगळी वस्ती शाळेतल्या शिबिराला निघाली, तेव्हा नानांनी नाक मुरडलं. "गर्दीत शिरून मिळंल ती टोचून घ्यायची? ही काय जत्रंतली पिपाणी हाय?" दहा दिवस मोबाईलवर डोळे लावून त्यांनी नगरचा नंबर मिळवला, मोटारसायकलवर उन्हातान्हात गेले आणि महिन्याभरात कोव्हॅक्सिनचे दोन्ही डोस घेऊन आले. मालनबाईंनाही बजावलं, "तू थांब. तुझा बी नंबर लावतो."

मालनबाई काही थांबल्या नाहीत. शेजारच्या छबूबाईनं हाक मारली, कांद्याच्या टेम्पोत बायका बसल्या, त्याही बसल्या. शाळेत जाऊन दंड पुढं केला आणि भाकरी थापायच्या वेळेला घरी हजर!

"अगं, कंची दिली ते तरी इचारलं का?" नाना कडाडले.

"सुई दिली! आन् तापाची गोळी दिली."

नाना त्यांच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. दुसऱ्या डोसालाही मालनबाई त्याच टेम्पोतून जाऊन आल्या.

आता व्हिडिओ कॉलवर ज्ञानेश्वरीनं विचारलं, "नाना, कोणती लस घेतलीत तुम्ही?"

"कोव्हॅक्सिन! नगरला जाऊन! रीतसर!"

पलीकडं सामसूम.

"रेंज गेली वाटतं," नाना मोबाईल हलवत म्हणाले.

रेंज कुठं गेली नव्हती. जावई रविराजचा चेहरा पडद्यावर आला. फार चांगला मुलगा. वाईट बातमी सांगायची असली की तो आधी दोनदा खाकरायचा. आत्ता तो चारदा खाकरला. "नाना, इथल्या सरकारच्या यादीत ती लस अजून नाहीये. त्यांच्या यादीतली लस असली तरच पाहुण्यांना येऊ देतात. कोव्हिशील्ड चालते."

"आमच्यावाल्या लशीला काय धाड भरली?"

"धाड नाही हो, कागद व्हायचेत अजून तिचे."

नानांनी चष्मा काढून पुसला. कागद व्हायचेत, हे वाक्य आजवर त्यांनी दुसऱ्यांना ऐकवलं होतं.

"आणि आईची कोणती?" ज्ञानेश्वरीनं विचारलं.

नानांनी कपाटातून मालनबाईंचं प्रमाणपत्र काढलं. लांब धरून वाचलं, जवळ धरून वाचलं. कोव्हिशील्ड! दोन डोस, शिक्क्यासकट!

हरभरे निवडत बसलेल्या मालनबाईंनी एक खडा बाजूला टाकला आणि घाबरत विचारलं, "माझं काय चुकलं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आरोग्य केंद्रात मोनिका सिस्टरसमोर उभे.

"सिस्टर, माझे दोन डोस रद्द करा आन् दुसऱ्या कंपनीचे द्या."

"नाना, ती काय साडी हाय का, घडी न मोडता परत करायला? अंगात गेली ती!"

"मंग तिच्यावर उतारा असंल की काहीतरी?"

"उतारा सातबाऱ्याचा असतो, नाना! घरी जा, चहा प्या. तुमी पूर्ण सुरक्षित हाय."

"सुरक्षित हाय, पर जर्मनीला चालत न्हाई त्याचं काय!"

शहाणा माणूस इथं थांबला असता. पण एकतीस वर्षं दुसऱ्यांची हजेरी लावलेल्या माणसाला आपली स्वतःची गैरहजेरी कशी सोसावी? चौथ्या दिवशी शेजारच्या गावात शिबिर होतं. नानांनी आधार कार्ड घरी ठेवलं, पॅन कार्ड खिशात घातलं, डोक्याभोवती आणि तोंडाभोवती टॉवेल गुंडाळला आणि नव्यानं जन्म घेतल्यासारखे रांगेत जाऊन उभे राहिले.

टेबलापाशी पोचले आणि बघतात तो समोर मोनिका सिस्टर! आठवडाभर तीच गावोगाव फिरत होती.

"नाव?"

"जी. के.," नाना खर्जात म्हणाले.

सिस्टरनं मान वर केली. "नाना, टॉवेल बांधताना नावाची बाजू तरी आत घ्यायची!"

कारखान्यानं निरोप समारंभात दिलेला टॉवेल तो. त्याच्यावर लाल धाग्यानं ठसठशीत विणलेलं, 'श्री. गोरक्षनाथ यांस सप्रेम'. आणि ते बरोबर कपाळावर आलेलं!

सगळी रांग हसली असती तरी परवडलं असतं. पण रांगेत चहावाला बजरंग होता, आणि तो हसला नाही. तो विचारात पडला. बजरंग विचारात पडला की गावावर काहीतरी येतंच.

दुपारी त्याच्या टपरीवर बातमी अशी होती: नाना तिसरा डोस मागत होते. चारपर्यंत झालं: नानांचे दोन्ही डोस फेल गेले. दिवेलागणीला: जर्मनीनं कॉम्प्युटरवर नानांचं रक्त तपासलं, त्यात कोरोना निघाला आणि नाना तोंड झाकून फिरताहेत!

सकाळी दूधवाल्यानं किटली फाटकाबाहेरच ठेवली आणि लांबूनच शिट्टी मारली. छबूबाईनं पिठल्याचा टोप कुंपणावर टेकवला आणि ओरडली, "मालनबाई, भांडं परत द्यायची घाई न्हाई! चौदा दिस ठेवलं तरी चालंल!" एक माणूस पाठीला पंप लावून आला आणि नानांच्या ओट्यावर औषध फवारून गेला. जाताना नानांच्या पायांवरही थोडं मारून गेला.

दहाच्या सुमाराला नगरला जाऊन लस घेतलेले पाच-सहा जण फाटकाबाहेर जमा झाले. नानांच्याच सांगण्यावरून गेले होते बिचारे.

"नाना, आपली लस खोटी हाय म्हनं!"

"कोन म्हनतो?" नाना उसळून ओट्यावर आले. "लस एक नंबर हाय! समद्या गावात ताप होता, तवा आपल्याला साधी शिंक तरी आली का? तिकडचा एक कागद व्हायचाय फकस्त. आज ना उद्या हुईल! त्यात लशीचा काय दोष?"

माणसं निवांत होऊन घरी गेली. नाना मात्र ओट्यावरच उभे राहिले. बोलताना आपसूक बाहेर पडलं होतं, पण खरं तेच होतं. कागद आज ना उद्या होईल. डिसेंबर मात्र त्याच्यासाठी थांबणार नव्हता.

आत मालनबाईंनी निकाल लावून टाकलेला. "तुमी न्हाई तर मी बी न्हाई. मी शिर्डीच्या पुढं एकटी कवा गेले का? इमानात कुठं बसायचं ते बी मला म्हाईत न्हाई. रविराजला म्हनावं, एखादी बाई लाव."

नाना त्यांच्याजवळ खाली बसले. फरशीवर असं बसायला त्यांना हल्ली जमत नसे, गुडघे कुरकुरायचे. आज बसले.

"ज्ञानू झाली तवा मी कुठं हुतो?"

"कारखान्यात. पट्टा पडला हुता ना." ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला, की त्याला त्या पट्टा पडला म्हणत.

"सहा दिवसांनी आलो मी. राग आला असंल तुला."

"आलता की! पर आई हुती माझी. दोन दिस, दोन रात माझ्या उशापासून हालली न्हाई."

"आन् आई नसती तर?"

मालनबाईंनी समोरच्या सुपातला एक हरभरा उचलला. हातातला हरभरा त्यांनी नुसताच फिरवत ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "भ्यानंच मेले असते."

"मंग तू जा," नाना म्हणाले. "मी नसलो तर चालतंय. मागं बी चाललं हुतं."

"चाललं हुतं म्हनून कुनी सांगितलं तुमाला?" मालनबाई फणकारल्या आणि उठून चहाचं आधण ठेवायला गेल्या. म्हणजे ठरलं!

मग महिनाभर नानांच्या स्वयंपाकघरात विमानतळ भरला. ओट्यापाशी खुर्ची टाकून नाना साहेब व्हायचे, मालनबाई पर्स घेऊन मोरीकडून यायच्या.

"व्हाय हॅव यू कम?"

"लेकीच्या बाळंतपनाला."

"इंग्लिशमधी!"

"अवो, बाळंतपनाला जाते म्हनायला इंग्लिश कशाला लागतंय? माझ्या पर्सकडं बघून कुनालाबी कळंल. डिंकाचा वास येतोय!"

अखेर नानांनी तीन शब्दांवर तडजोड केली. डॉटर, बेबी, कुकिंग.

नोव्हेंबर संपताना ते त्यांना मुंबईला सोडायला गेले. दारावरच्या शिपायानं नानांना अडवलं, आत फक्त तिकीटवाले. नाना काचेला नाक लावून उभे राहिले. आत मालनबाईंनी काउंटरवर पासपोर्ट ठेवला, प्रमाणपत्र ठेवलं. काउंटरवरच्या मुलीनं बघितलं, मान हलवली, शिक्का मारला. दोन मिनिटांत काम! हजारांच्या गर्दीत ते हिरवं लुगडं ताठ चालत पुढं गेलं आणि एकदाही मागं वळलं नाही.

नानांना ते जरा लागलं. फेब्रुवारीत मालनबाई परत आल्या तेव्हा त्यांनी बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "वळून बघितलं असतं तर तिथूनच माघारी आले असते. मंग?"

मधले तीन महिने नाना भाकरी थापायला शिकले. कुठलीच भाकरी गोल झाली नाही. मोबाईलवर दाखवली की ज्ञानेश्वरी खळखळून हसायची, आणि त्या हसण्यासाठी नाना मुद्दाम दुसरी थापायचे. सत्तावीस डिसेंबरला दुपारी मालनबाईंनी फोनवर एक लालबुंद गाठोडं दाखवलं. "बघा, नात! निकिता ठेवायचं म्हनत्यात. तिकडच्यांना बी बोलायला सोपं." नानांनी पडद्यावर बोट फिरवलं, आणि फोन कट झाला. परत लागेपर्यंत त्यांनी तोंड धुऊन घेतलं होतं.

जून उजाडला. रविराजचा फोन आला आणि तो एकदाही खाकरला नाही! "नाना, झाली तुमची लस यादीत!"

या वेळी तीन आठवड्यांचा व्हिसा दोघांनीही काढला. नानांनी प्रमाणपत्राच्या सहा प्रती घेतल्या, दोन लॅमिनेट केल्या, एक बनियनच्या खिशात ठेवली. सबंध प्रवासात मालनबाई पुढं आणि नाना मागं. "इकडं या. पट्टा काढा. पानी टाकून द्या. अवो, त्या दारातून न्हाई!"

जर्मनीतला साहेब सहा फुटांचा. मालनबाईंनी त्याला तिकडचा नमस्कार घातला, "गुटन टाग!" तो हसला. त्यानं दोघांच्या पासपोर्टवर शिक्के मारले आणि परत दिले.

नानांना चैन पडेना. त्यांनी प्रमाणपत्र काचेखालून सरकवलं. "सर, कोव्हॅक्सिन! टू डोस! नाऊ अलाऊड!"

साहेबानं ते परत सरकवलं. "नॉट नेसेसरी."

"नो, नो, प्लीज सी! इन द लिस्ट!"

साहेबानं समजावून सांगितलं. लस विचारायचा नियमच चार दिवसांपूर्वी उठला होता. आता कुणालाच विचारत नव्हते.

"पर मला इचारा की!" नाना मराठीतच कळवळले. नऊ महिने ज्याच्यासाठी काढले, ते कुणी बघायलाही तयार नाही!

"चला आता," मालनबाईंनी त्यांची बाही ओढली. "मागं मानसं खोळंबल्यात."

बाहेर ज्ञानेश्वरी उभी होती. तिच्या कडेवर निकिता. आजीचा आवाज ऐकताच पोरीनं दोन्ही हात पसरून तिच्याकडं झेप घेतली. मग तिची नजर नानांवर गेली. विमानातला मास्क त्यांच्या तोंडावर तसाच होता. पोरीचा ओठ थरथरला आणि तिनं भोकाड पसरलं.

"नाना, मास्क काढा, घाबरली ती!" ज्ञानेश्वरी म्हणाली.

नानांनी मास्क काढला. झुपकेदार पांढऱ्या मिशा, त्याखाली नऊ महिन्यांचं साठवलेलं हसू. सगळं एकदमच बाहेर आलं. निकितानं क्षणभर बघितलं, श्वास घेतला आणि दुप्पट आवाजात किंचाळली. अख्खा विमानतळ वळून बघायला लागला!

"अवो, लावा, लावा! परत लावा त्यो!" मालनबाई ओरडल्या.

नानांनी मुकाट्यानं मास्क लावला. पोर हळूहळू शांत झाली आणि मास्कवरच्या त्या दोन ओल्या डोळ्यांकडं बघत राहिली. मग तिनं सावकाश एक बोट पुढं केलं. नानांनी ते धरलं.

लेकीच्या घराच्या आसपास मास्क लावणारं एक माणूस उरलं नव्हतं. गोरक्षनानांवर मात्र मास्कची सक्ती पुढं आठ दिवस होती, आणि तीही घरात.