अस्वलरावांचं नाक आणि पाच वर्षांची गॅरंटी

मुलांनो, एका जंगलात वीज आली. विजेच्या मागोमाग फ्रिजचं दुकान आलं. दुकानदार होता रंगनाथ सरडा. त्याचं बोलणं इतकं गोड, की गिऱ्हाइकाला घरी जाऊन चहात साखर घालावी लागत नसे.

त्याच जंगलात अस्वलराव आणि जांबुवंतीबाई हे अस्वलांचं जोडपं राहत होतं. अस्वलरावांना मधाचं वेड. रोज पोळ्यात तोंड घालायचं आणि रोज नाकावर डंख घेऊन घरी यायचं. मग कण्हत बसायचं. नाकावर ओली फडकी ठेवून ठेवून बिचारी बाई थकली. शेवटी तिने ठरवलं, बर्फच हवा. म्हणजे फ्रिज हवा.

"डोळे मिटून घ्या, वहिनी!" सरडा म्हणाला. "पाच वर्षांची गॅरंटी. बिघडला तर नवा देतो."

"पावती...?" बाईने चाचरत विचारलं.

"घरच्या घरात पावती कसली?"

बाई ओशाळली. त्याने वहिनी म्हटलं होतं, चहा पाजला होता, मुलांची चौकशी केली होती. आता पुन्हा पावती मागणं बरं दिसलं नसतं. हसू नका, तुमचे बाबासुद्धा ओळखीत पावती मागत नाहीत.

फ्रिज घरी आला. त्यावर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, हार चढला. आणि थोड्याच दिवसांत त्याने गार करणं सोडून दिलं. बर्फाच्या जागी कोमट पाणी निघू लागलं. इकडे अस्वलरावांचं नाक पपईएवढं झालं.

बाई तडक दुकानात गेली. "भावजी, फ्रिज बिघडला. गॅरंटीत बदलून द्या."

सरडा हिरव्याचा पिवळा झाला. "गॅरंटी? मी वॉरंटी म्हणालो होतो. वॉरंटीत बदलून देत नाहीत, दुरुस्त करतात."

"मग दुरुस्त करा."

सरडा पिवळ्याचा तपकिरी झाला. "ती फक्त आतल्या दिव्याची. दिवा लागतो ना?"

"लागतो."

"मग झालं तर! शिवाय तुम्ही कुंकू लावलंत. बाहेरचा पदार्थ लागला, की वॉरंटी संपली. ग्राहक मंचात खुशाल जा. तिथे पावती मागतात म्हणे."

बाईला आधी रडू आलं, मग राग आला. ती घरी गेली आणि अस्वलरावांनाच घेऊन आली. त्यांना तिने दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसवलं.

"घरचेच ना आपण? मग यांना इथेच राहू दे. तुमच्या फ्रिजमधला बर्फ लावत जा, भावजी."

अस्वलराव मोकळ्या गळ्याने कण्हू लागले.

"अगंबाई! नाकाला काय झालं?" खरेदीला आलेल्या सशीणबाईंनी विचारलं.

"डंख झाला हो. पण इतकं सुजलं ते इथला फ्रिज घेतल्यामुळे," जांबुवंतीबाईंनी खरं तेच सांगितलं.

सशीणबाई दारातूनच परतल्या. रानडुकरीणमामींनी बांधून घेतलेला फ्रिज पुन्हा सोडायला लावला. सरड्याने जवळचे सगळे रंग बदलून पाहिले. संध्याकाळी नवाकोरा फ्रिज गाडीवर चढला.

"वहिनी," सरडा हात चोळत म्हणाला, "नवा फ्रिज मिळाला, एवढं दोन ओळींत लिहून द्या बरं."

"इश्श, भावजी! घरच्या घरात पावती कसली?"

तात्पर्य: मोठी वस्तू घेताना पक्की पावती मागावी. ते बरं दिसत नसेल, तर सुजऱ्या नाकाचा नवरा करावा. त्याला अटी लागू नसतात.