दामलेकाकांची आवक

आमच्या वारज्याच्या सोसायटीतले दामलेकाका रोज सकाळी पूजा आटोपली, की मुलाच्या बँडचा अल्बम फोनवर लावतात आणि लगेच आवाज पूर्ण बंद करतात. मग दिवसभर तो फोन फ्रिजवर, चार्जरला लावलेला, मुकाट वाजत असतो.

मी एकदा कारण विचारलं, तर मलाच वेड लागल्यासारखं माझ्याकडे बघत म्हणाले, "अहो, गोंगाट आहे तो! ऐकायचा कशाला? वाजल्याशी मतलब. आकडा वाढतो."

बँड अल्टरनेटिव्ह रॉकवाला. "म्हणजे पर्यायी," काका समजावतात. "कशाला पर्याय? नोकरीला!"

काकांची स्वतःची नोकरी खडकवासल्याच्या धरणावर पाण्याची पातळी टिपण्यात गेली. ती सवय सुटलेली नाही. अल्बम आजवर किती वेळा वाजला, हे ते संध्याकाळी सहाच्या ठोक्याला वहीत उतरवतात आणि जिन्यात भेटेल त्याला सांगतात, "आवक चांगली आहे." यंदा अल्बमने धुमाकूळ घातला, रिक्षांमध्येसुद्धा वाजू लागला. मी पेढे मागितले.

"पेढे कसले? धरण भरलं म्हणून पातळी लिहिणारा पेढे वाटतो का?"

मुलगा, ओंकार, त्या बँडचा ड्रमर. दोन वर्षांपूर्वी त्याने आयटीतली नोकरी सोडली, तेव्हा काका म्हणाले होते, "बडवायचंच असेल तर घराबाहेर जाऊन बडव." तो खरंच गेला, हडपसरला. तेव्हापासून बोलणं नाही. "आधी त्याने करावा फोन. मी बाप आहे," एवढं बोलून काका विषय संपवतात.

परवा त्यांनी मला आत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "जोशी, तुम्ही कॉम्प्युटरवाले. कोण ऐकतंय, ते त्याला तिकडे दिसतं का हो?"

मला वाटलं, चोरी पकडली जाईल म्हणून घाबरलेत. घाईघाईने म्हटलं, "छे छे, निर्धास्त राहा काका. नाव दिसत नाही. फार तर कुठल्या शहरात किती वाजलं, एवढंच कळतं."

काकांचा चेहरा उतरला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फार वाईट वाटलं.

"वारजे वेगळं नाही दाखवत?"

"नाही काका. सगळं पुणं एकत्र."

ते फ्रिजवरच्या फोनकडे बघत राहिले. "पुणं फार मोठं झालंय हो," म्हणाले. मग सहा वाजले, तशी त्यांनी वही उघडली.